कंसातील मृत्यू आणि चित्रातील रेषा : ‘टू द लाइटहाऊस’ या भावकाव्यात्म कादंबरीचा एक विचार

प्रास्ताविक

कादंबरी म्हटली की घटना, पात्रे आणि काळाचा ओघ या गोष्टी गृहीत धरल्या जातात. भावकविता मात्र एका क्षणाची, एका भाववृत्तीची असते. तिला कथानकाची निकड भासत नाही. या दोन भिन्न प्रवृत्ती एकाच कृतीत नांदू लागल्या म्हणजे जो वाङ्मयप्रकार सिद्ध होतो, त्याला ‘भावकाव्यात्म कादंबरी’ असे संबोधता येईल. राल्फ फ्रीडमन यांनी १९६३ साली या प्रकाराचा स्वतंत्र ग्रंथातून विचार केला आणि त्यासाठी हेर्मान हेस, आंद्रे जीद व व्हर्जिनिया वुल्फ या तीन लेखकांची निवड केली. वुल्फ (१८८२–१९४१) यांची ‘टू द लाइटहाऊस’ ही कादंबरी ५ मे १९२७ रोजी प्रसिद्ध झाली. प्रेम, मृत्यू, शोक आणि आशा ही तिची आशयसूत्रे होत.

अशा कादंबऱ्यांची चर्चा करताना ‘काव्यमय भाषा’, ‘तरल संवेदना’ अशा शब्दांवर समीक्षा थांबण्याचा धोका असतो. वस्तुतः या कादंबरीने उभा केलेला प्रश्न तरल नसून कठोर आहे. ज्याचे माणूस गेले आहे, त्याला साहित्य खोटे न बोलता काय देऊ शकते? मृत व्यक्ती परत येत नाही, परलोकाचा दिलासा लेखिकेला मान्य नाही आणि काळ हे औषध आहे हे लोकांचे म्हणणेही तिला पुरेसे वाटत नाही. या तिन्ही वाटा बंद झाल्यावर आशा उरते कोठे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या रचनेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. या कादंबरीत शोक बोलून दाखविला जात नाही, तो घाटाचे रूप घेतो. आणि आशा ही सांत्वन म्हणून येत नाही, ती पूर्णत्वास नेलेल्या कामाच्या रूपाने येते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कादंबरीची त्रिदल रचना

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला भाग ‘खिडकी’. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील स्काय बेटावरील एका घरात रॅम्से कुटुंब सुटीसाठी आले आहे. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक मिस्टर रॅम्से, त्यांच्या पन्नाशीच्या पत्नी मिसेस रॅम्से, त्यांची आठ मुले आणि काही पाहुणे असा हा परिवार. सप्टेंबरमधील एका दिवसाची सायंकाळ व रात्र एवढाच या भागाचा काळ. सहा वर्षांच्या जेम्सला समुद्रातील दीपगृहाकडे जायचे आहे. हवा चांगली असली तर उद्या नक्की जाऊ, असे आई सांगते. हवा चांगली असणार नाही, असे वडील सांगतात. कथानक म्हणून या भागात याहून अधिक फारसे काही नाही.

दुसरा भाग ‘काळ जातो’. तो तिन्हींत सर्वांत लहान. पण त्यात दहा वर्षे उलटतात, पहिले महायुद्ध होऊन जाते आणि कुटुंबातील तीन माणसे मरण पावतात. तिसरा भाग ‘दीपगृह’. त्यात उरलेली काही माणसे त्याच घरी परततात. मिस्टर रॅम्से सतरा वर्षांच्या कॅमला आणि सोळा वर्षांच्या जेम्सला घेऊन अखेर दीपगृहाकडे जातात. आणि लिली ब्रिस्को ही चित्रकर्ती दहा वर्षांपूर्वी अपुरे राहिलेले चित्र पुन्हा हाती घेते.

दोन दिवस आणि त्यांच्यामध्ये दहा वर्षांचा बोळ, असा हा आकृतिबंध आहे. दोन्ही दिवस विस्ताराने येतात आणि दहा वर्षे झपाट्याने सरतात. पारंपरिक कादंबरीत जे घडते, ते येथे दुय्यम ठरते. जे जाणवते, ते मुख्य होते. कादंबरीचे भावकाव्यात्म स्वरूप तिच्या शब्दकळेइतकेच किंबहुना त्याहून अधिक या प्रमाणबदलात आहे.

प्रेम : कवटीवरील शाल

पहिल्या भागाच्या केंद्रस्थानी मिसेस रॅम्से आहेत. दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी त्या एक पायमोजा विणत आहेत. मोज्याची लांबी जेम्सच्या पायाला लावून पाहण्याचा साधा प्रसंग एरिक ऑर्बाख यांनी ‘मायमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात विवेचनासाठी घेतला, हे लक्षणीय आहे. बाह्य कृती क्षणाची असते. परंतु तिच्या दोन टोकांमध्ये अनेक मनांचा, अनेक काळांचा विस्तार सामावतो, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

मिसेस रॅम्से यांचे प्रेम हे माणसांना एकत्र आणण्याचे प्रेम आहे. रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगी टेबलाभोवती बसलेली माणसे सुरुवातीस एकमेकांपासून तुटलेली असतात. मेणबत्त्या लागतात, काळोख खिडकीबाहेर राहतो आणि हळूहळू ती सारी एका बेटावर असल्यासारखी जवळ येतात. हा क्षण टिकणारा नाही याची जाणीव त्यांना आहे. खोलीतून बाहेर पडताना मागे वळून पाहतात, तेव्हाच तो भूतकाळात गेलेला असतो. पतीवरील प्रेमही त्या शब्दांत सांगत नाहीत. त्याला ते ऐकायचे आहे हे ठाऊक असूनही त्या फक्त उद्याच्या हवेविषयी त्याचेच खरे होते एवढे मान्य करतात. आणि त्याला जे हवे ते त्यातून कळते. हातातील मोजा मात्र त्या रात्री अपुराच राहतो.

या प्रेमाचे सर्वांत अर्थपूर्ण रूप मुलांच्या खोलीतील प्रसंगात दिसते. भिंतीवर रानडुकराची कवटी टांगलेली आहे. कॅमला तिची भीती वाटते आणि जेम्स ती काढू देत नाही. मिसेस रॅम्से आपली हिरवी शाल काढून कवटीभोवती गुंडाळतात. मुलीला त्या सांगतात की आता तेथे डोंगर आहेत, बागा आहेत, पक्ष्यांचे घरटे आहे. आणि मुलाला सांगतात की कवटी जागच्या जागी आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. प्रेम मृत्यूला नाहीसे करीत नाही. ते त्याच्यावर शाल पांघरते, एवढाच या प्रसंगाचा अर्थ. परंतु शाल सुटणारच, हेही त्यात अभिप्रेत आहे. दुसऱ्या भागात ओसाड घरात वर्षे लोटतात, तशी त्या शालीची एक घडी सुटते, नंतर आणखी एक. जी गोष्ट शोककथा पानोपानी सांगितली असती, ती येथे सुटणाऱ्या वस्त्राने सांगितली आहे.

मृत्यू : कंसाची योजना

दुसऱ्या भागातील सर्वांत चर्चिला गेलेला विशेष म्हणजे चौकोनी कंस. मिसेस रॅम्से यांचा मृत्यू एका कंसात येतो. एका काळोख्या पहाटे मिस्टर रॅम्से मार्गिकेतून अडखळत जाताना हात पसरतात आणि ते हात रिकामे राहतात, हे वाक्याचे मुख्य अंग. आदल्या रात्री पत्नीचे आकस्मिक निधन झाले होते, ही माहिती त्याच वाक्याच्या एका दुय्यम अंगात. ज्या व्यक्तीभोवती पहिला भाग उभा आहे, तिचा शेवट व्याकरणदृष्ट्याही कडेला ढकलला जातो. प्रूचा विवाह एका कंसात आणि बाळंतपणाशी संबंधित आजाराने झालेला तिचा मृत्यू दुसऱ्या कंसात. फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या वीस-तीस तरुणांबरोबर अँड्र्यूचा मृत्यू आणखी एका कंसात.

या योजनेचा अर्थ निसर्गाची उदासीनता असा लावला जातो. कंसाबाहेर वारा, काळोख, पाऊस आणि समुद्र आहेत. त्यांना माणसाच्या मरणाचे काही वाटत नाही. हे अर्थनिर्णयन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कंसात केवळ मृत्यूच आहेत असे नाही. मिस्टर कारमायकेल व्हर्जिल वाचत जागे राहतात आणि मध्यरात्रीनंतर मेणबत्ती विझवितात, हेही कंसातच आहे. त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध होऊन युद्धकाळात लोकांना कवितेची ओढ लागली, हेही कंसातच आहे. म्हणजे मरण, विवाह, वाचन आणि कविता हे सगळे मानवी जीवितच येथे कंसात घातले आहे.

याशिवाय कंसाचा संबंध वाचकाच्या अनुभवाशी आहे. माणूस गेल्याची बातमी प्रत्यक्षातही अशीच येते. दिवस चालू असतो, वारा वाहत असतो आणि मध्येच एखादे वाक्य कानावर पडते. वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातो, थबकतो आणि परत मागे वळून पाहतो. मृत्युशय्या, अंत्ययात्रा, विलाप यांपैकी काहीच न मिळाल्यामुळे त्याचे हातही मिस्टर रॅम्से यांच्या हातांसारखे रिकामे राहतात. शोकाचे वर्णन करण्याऐवजी लेखिकेने वाचकाला शोकाच्या जागी आणून उभे केले आहे. कंस हा भावनेचा अभाव नव्हे. तो भावनेला मिळालेला घाट आहे.

शोक : मागणी आणि मौन

तिसऱ्या भागात शोकाच्या दोन रीती समोरासमोर येतात. मिस्टर रॅम्से यांचा शोक हा मागणीचा शोक आहे. त्यांना सहानुभूती हवी आहे आणि ती स्त्रीकडूनच हवी आहे. पत्नी हयात असताना ती त्यांना अखंड मिळत असे. आता ती लिलीने द्यावी, असा त्यांचा मूक आग्रह असतो. लिलीला ते जमत नाही. ती नकळत त्यांच्या बुटांची स्तुती करते. हा उपमर्द ठरेल असे तिला वाटते. परंतु वृद्ध गृहस्थ खुलतात, बुटांविषयी बोलू लागतात, तिच्या बुटाची गाठ बांधून दाखवितात. गाठ बांधायला ते वाकतात, तेव्हा मात्र लिलीच्या मनात खरी करुणा दाटून येते आणि ती व्यक्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. सांत्वनाची वेळ आणि सांत्वनाची इच्छा यांची क्वचितच गाठ पडते, हे सत्य या किंचित विनोदी प्रसंगाने सांगितले आहे.

लिलीचा शोक वेगळा आहे. प्रारंभी तिला काहीच वाटत नाही आणि त्या कोरडेपणाचेच तिला आश्चर्य वाटते. दीपगृहाला काय पाठवायचे असते, असा नॅन्सीचा घाईत विचारलेला प्रश्न तिला घराचे पोरकेपण जाणवून देतो. कारण ते ठाऊक असणारी व्यक्तीच उरलेली नाही. पुढे चित्र रंगविता रंगविता, रिकाम्या पायऱ्यांकडे पाहताना तिच्या देहातच ती उणीव दाटते. ती मिसेस रॅम्से यांना मोठ्याने हाक मारते आणि तिचे डोळे भरून येतात. उत्तर येत नाही. त्याच सुमारास दुसऱ्या भागातील कंस पुन्हा अवतरतो : नावेतील मुलाने गळाला लावण्यासाठी जिवंत माशाच्या अंगाचा चौकोनी तुकडा कापला आणि मासा समुद्रात फेकून दिला. हाकेला मिळालेले जगाचे उत्तर हे असे आहे. या ठिकाणी लेखिका वाचकाला कोणतीही सवलत देत नाही.

शोक आणि श्लोक

व्यक्तिगत शोक आणि काव्य यांच्या नात्याचा विचार भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी केला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, या कथेला आनंदवर्धनांनी काव्याच्या आत्म्याच्या चर्चेत स्थान दिले. त्यावरील विवरणात अभिनवगुप्तांनी एक महत्त्वाचा भेद केला : हा शोक म्हणजे ऋषींचे वैयक्तिक दुःख नव्हे. स्वतःच्या दुःखात बुडालेला मनुष्य काव्य रचू शकत नाही. शोकाचे साधारणीकरण झाल्यावरच तो करुणरसाचा विषय होतो.

या भेदाच्या प्रकाशात कादंबरीच्या चरित्रात्मक बाजूकडे पाहणे उपयुक्त ठरते. व्हर्जिनियांच्या आई ज्यूलिया स्टीफन ५ मे १८९५ रोजी निवर्तल्या, तेव्हा व्हर्जिनिया तेरा वर्षांच्या होत्या. १८९७ मध्ये सावत्र बहीण स्टेला, १९०४ मध्ये वडील लेस्ली स्टीफन आणि १९०६ मध्ये भाऊ थोबी असे मृत्यू पाठोपाठ आले. बालपणीच्या उन्हाळी सुट्या कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथील टॅलंड हाऊसमध्ये गेल्या. तेथील उपसागरात गॉड्रेव्हीचे दीपगृह आहे. कादंबरीचे घर स्काय बेटावर असले, तरी तिचे मूळ या घरात आहे. आईच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनी, त्याच तारखेला ही कादंबरी प्रसिद्ध झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत आईने मनाचा ताबा घेतला होता आणि हे पुस्तक लिहून झाल्यावर तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविले. १९२५ च्या जूनमध्ये त्यांनी रोजनिशीत आपल्या पुस्तकांना ‘कादंबरी’ऐवजी दुसरे नाव द्यावे असा विचार मांडला होता आणि त्यासाठी त्यांना ‘विलापिका’ हा शब्द सुचला होता.

मात्र कादंबरी केवळ आठवणींची वही झालेली नाही. वुल्फ यांनी स्वतःला मुलगी म्हणून शोकाच्या मध्यभागी उभे केले नाही. मृत स्त्रीशी रक्ताचे नाते नसलेली, तिच्यावर प्रेम करणारी आणि तिच्याशी मनोमन वाद घालणारी लिली त्यांनी निर्माण केली. तिसऱ्या भागात तिचे वयही चव्वेचाळीस आहे. या अंतरामुळेच शोक साधारण झाला. तत्क्षणी श्लोक झालेल्या शोकाची कथा परंपरेने सांगितली. येथे त्यासाठी बत्तीस वर्षे आणि एक कल्पित चित्रकर्ती लागली.

आशा : समतोलाची रेषा

लिलीची अडचण भावनिक आहे तशीच ती चित्रकलेचीही आहे. चित्राच्या उजव्या बाजूचा पुंज डाव्या बाजूशी कसा जोडावा, हा तिचा प्रश्न आहे. पहिल्या भागात जेवताना मिठाची कुपी सरकवून झाड मध्यभागी आणण्याचे ती ठरविते. परंतु चित्र राहून जाते. ‘स्त्रियांना चित्रे काढता येत नाहीत, लिहिता येत नाही’, हे चार्ल्स टॅन्स्लीचे मत दहा वर्षे तिच्या कानांत घुमत असते.

येथे बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत त्यांनी मराठीत संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात समाविष्ट झालेल्या लेखनातून संवाद, विरोध व समतोल या तीन लयतत्त्वांची मांडणी केली. या परिभाषेत बोलायचे तर कादंबरीचा पहिला भाग मुख्यतः संवादाच्या, दुसरा विरोधाच्या आणि तिसरा समतोलाच्या लयीवर उभा आहे. समतोल म्हणजे विरोध मिटणे नव्हे. विरोधी घटक आपापल्या वजनासह एकमेकांना तोलून धरणे होय. नावेत बसलेल्या जेम्सला दीपगृह जवळून दिसते, तेव्हा तो ओका, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा असतो. लहानपणी धुक्यातून दिसणारा रुपेरी मनोराही खोटा नव्हता, हे त्याला उमगते. ज्या वडिलांचा त्याने आयुष्यभर द्वेष केला, ते सुकाणू नीट धरल्याबद्दल त्याला शाबासकी देतात. द्वेष संपला असे कादंबरी म्हणत नाही. शाबासकी मिळाली, एवढेच म्हणते.

त्याच सुमारास लिलीला खिडकीत कोणी बसल्याचा भास होतो. पायरीवर त्रिकोणी सावली पडते आणि क्षणभर मिसेस रॅम्से तेथे विणत बसलेल्या दिसतात. नाव पोहोचली असेल असे वाटताच ती कॅनव्हासच्या मध्यभागी एक रेषा ओढते आणि चित्र पूर्ण होते. हे चित्र कदाचित माळ्यावर टाकले जाईल, नष्टही होईल, याची तिला कल्पना आहे. तरीही रेषा ओढली जाते. मृत स्त्री परत आलेली नाही. तिने जुळविलेला पॉल आणि मिंटा यांचा विवाहही यशस्वी झालेला नाही. प्रू तर विवाहानंतर लवकरच गेली. मिसेस रॅम्से यांनी ज्यांवर आशा ठेवली होती, त्या गोष्टी टिकल्या नाहीत. टिकली ती क्षणाला आकार देण्याची त्यांची रीत. आणि ती लिलीने वेगळ्या माध्यमात पुढे नेली. मोजा अपुरा राहिला, चित्र पुरे झाले.

या आशेचा आणखी एक वाटेकरी आहे, ज्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. दुसऱ्या भागात घर कोसळण्याच्या बेतात असताना ते सावरतात त्या मिसेस मॅक्नॅब आणि मिसेस बास्ट या श्रमिक स्त्रिया. झाडलोट करता करता मिसेस मॅक्नॅब यांना करडा झगा घालून फुलांवर वाकलेली आपली जुनी मालकीण दिसते. म्हणजे लिलीच्या आधी मृत स्त्रीचे दर्शन घडते ते मोलकरणीला. घर राहिले म्हणून पुढचे चित्र शक्य झाले. असे असूनही निवेदन या स्त्रीकडे काहीशा अनुकंपेने आणि काहीशा उंचावरून पाहते. तिच्या मनाला रॅम्से कुटुंबीयांच्या मनासारखी खोली देत नाही. ही कादंबरीची मर्यादा होय. शोकाचे साधारणीकरण वर्गाच्या उंबरठ्याशी थोडे अडखळते, असे म्हणावे लागते.

समारोप

‘टू द लाइटहाऊस’ प्रेम, मृत्यू, शोक आणि आशा यांविषयी विधाने करीत नाही. प्रत्येकाला ती एक रूप देते. प्रेमाला कवटीवरील शाल, मृत्यूला कंस, शोकाला अनुत्तरित हाक आणि आशेला एक रेषा. ही रूपे परस्परांशी बांधलेली असल्यामुळेच ही कादंबरी भावकाव्यात्म ठरते. शोकग्रस्ताला साहित्य काय देऊ शकते, या प्रारंभीच्या प्रश्नाला तिचे उत्तर संयत आहे. गेलेले माणूस ते परत देत नाही आणि दुःख हलके करण्याचे आश्वासनही देत नाही. रिकाम्या पायऱ्या रिकाम्याच राहतात. त्या रिकामेपणाकडे नीट पाहून, त्याला तोलून धरणारी रेषा ओढता येते, इतकेच ते दाखविते. दहा वर्षे लांबलेला प्रवास ज्या सकाळी पूर्ण होतो, त्याच सकाळी दहा वर्षे रखडलेले चित्र पुरे होते. नाव दीपगृहाला लागते तेव्हा लिली तिच्यात नसते. ती किनाऱ्यावर, आपल्या कामाशी असते.